लॅमिनेशन

“खरं सांग, बाहेर काय खाल्लंस?” लवूने तिसऱ्यांदा विचारलं.

“काही नाही खाल्लं, बाबा.”

“मग साखर काय हवेतून येते काय गो?”

श्रुतिकाच्या मांडीवर पाण्याची बाटली होती, रिकामी. घाटकोपरहून मुलुंडच्या या दवाखान्यात येईपर्यंत तिने ती दोनदा संपवली होती. तेरा वर्षांची पोर, चार महिन्यांत नुसती उंच झाली होती आणि अंगावरचं मांस उतरलं होतं. आई गेल्यापासून पोर झुरतेय, असं चाळीत सगळे म्हणत. लवूलाही तेच वाटे. तोही झुरतच होता, पण त्याला कामावर जावं लागत होतं.

बाकावर शेजारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन बसल्या होत्या. मगाशी नंबर पुकारताना नाव कळलं होतं, जयंती. त्यांनी श्रुतिकाकडे बघून विचारलं, “हिला इन्सुलिन किती लागतं हो?”

“दिवसाचं पंचवीस युनिट,” लवू म्हणाला आणि त्याने पिशवीतून कार्ड काढून दाखवलं. सकाळी पाच, दुपारी पाच, रात्री पाच, झोपताना दहा. अक्षर त्याच्या बायकोचं, नलिनीचं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने फ्रीजवरचा तो कागद काढून स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणला होता. तेव्हापासून एक युनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं.

“पंचवीसच? आमच्या हर्षदला बावन्न लागतात. वय हिच्याएवढंच, आणि बघा ना कसा काडी पैलवान.”

“मम्मी, मार्क नाहीत ते,” हर्षद मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

लवूला तेवढ्यात जरा बरं वाटलं. लोकांना बावन्न लागतात, नलिनीने पंचविसात भागवलं होतं.

आत गंधाली सिस्टरने रिपोर्ट दोनदा वाचला. डोस कसा घ्यायचा ते समजावून सांगायचं काम त्यांचं होतं. “साखरेची तीन महिन्यांची सरासरी अकराच्या वर गेलीय, सातच्या आसपास हवी,” त्या म्हणाल्या.

“सिस्टर, मी एक इंजेक्शन चुकवलं नाही. ही बाहेर कायतरी खाते. तुम्हीच विचारा. मला सांगत नाही.”

“तुम्ही देता किती?”

लवूने कार्ड टेबलावर ठेवलं.

“हे कधीचं आहे?”

“तिच्या आईने लिहिलंय.”

“हो, पण कधी?”

या कागदाला तारीख असेल असं लवूच्या कधी मनातच आलं नव्हतं. तो म्हणाला, “ती होती तेव्हाचं.”

सिस्टरने श्रुतिकाला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, “पाळी सुरू झाली ना तुझी?”

श्रुतिकाने मान हलवली. “दोन महिने झाले. शेजारच्या शेवंतीमावशीला सांगितलं होतं.”

लवू स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

“हे बघा,” सिस्टर त्याला म्हणाल्या, “या वयात इन्सुलिन वाढवावंच लागतं. बाहेर बसलेल्या हर्षदला बावन्न लागतात, एखाद्याला तीस पुरतात. त्यात चांगलं-वाईट काही नसतं. ज्याच्या त्याच्या अंगाला जेवढं लागतं तेवढं लागतं. आणि एकाच माणसाला आज लागलं तेवढंच पुढच्या वर्षी लागेल, असंही नाही. तिने चोरून काही खाल्लेलं नाहीये. तिला कमी पडतंय.”

“पण तिची आई तर रोज हेच…”

“आई रोज हेच नव्हती देत,” श्रुतिका सिस्टरला म्हणाली. “आई पेन्सिलने लिहायची. रविवारी माझी साखरेची वही बघायची, कधी तुम्हाला फोन करायची, आणि खोडून नवीन लिहायची.”

सिस्टरने कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. प्लास्टिकच्या आत कागद खोडरबराने घासून घासून पातळ झाला होता. सकाळच्या पाचाच्या मागे पुसट चार होता. त्याच्याही मागे सहा. लवूने ते डाग रोज पाहिले होते. त्याला वाटायचं, स्वयंपाकघरातला मळ आहे.

“तुला माहीत होतं?” त्याने विचारलं. “मग बोलली का नाहीस? एवढं मी तुला घालूनपाडून बोललो. आज सकाळीसुद्धा.”

श्रुतिका बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिली. मग म्हणाली, “तू रोज इंजेक्शनच्या आधी त्या कागदाला हात लावतोस, बाबा.”

बाहेर जयंतीबाई कोणाला तरी बावन्नचा आकडा परत सांगत होत्या.

लवूने पोरीच्या हातातली बाटली घेतली, कोपऱ्यातल्या फिल्टरखाली धरली आणि भरून तिच्यासमोर ठेवली. तिने अर्धी एका दमात संपवली. या वेळी तो तिच्याकडे बघत होता.

“डॉक्टरांनी सध्या सात, आठ, सात आणि बारा सांगितलंय,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कोरा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. “शुक्रवारी फोन करा. साखर बघून पुढचं ठरवू.”

“सिस्टर,” लवू म्हणाला, “पेन नको. पेन्सिल असेल तर बघा.”