गंधाराखालची रेघ

तिसऱ्याच सुराला धम्मदीपाच्या अंगावर काटा आला.

सहा डिसेंबरची सकाळ होती. मेडशीच्या बुद्धविहारासमोर अख्खी वस्ती पांढऱ्या कपड्यांत उभी होती. प्रतिमेसमोर मेणबत्त्या लावून झाल्या होत्या आणि मेडशी, केनवड, मालेगाव अशा तीन गावांच्या बँडवाल्यांनी यंदा पहिल्यांदाच मिळून अभिवादनाची धून सुरू केली होती. चाल तिच्या वडिलांची, ग्यानबा मास्तरांची. ऐन जवानीत त्यांनीच ती बसवली होती आणि मेडशीत दर वर्षी या दिवशी तीच वाजायची. क्लॅरोनेटनं पहिली ओळ घेतली की बायांचे पदर डोळ्यांशी जायचे.

आज कोणाचा पदर हलला नाही. वाजत होती ती वरात होती.

ठेका तोच, चालही तीच. पण रडणारा सूर हसायला लागला होता. त्या हसण्यात एकटे ग्यानबा सुराच्या जुन्या जागेवर रडत होते आणि त्यांचा क्लॅरोनेट बाकी साऱ्यांशी करकरत होता. माणसांनी वळून पाहिलं. बँडकडे नाही, ग्यानबांकडे.

ग्यानबांनी क्लॅरोनेट ओठांपासून काढला. धोतराच्या सोग्यानं त्याचं तोंड पुसलं, पुन्हा ओठांना लावला, पुन्हा काढला. समोरच्या स्टँडवर नोटेशनचं पान होतं. त्यांना त्याची गरज नव्हती. लेकीनं केलंय म्हणून ठेवलं होतं. आता ते त्यावर वाकले. बोट एका अक्षरावर टेकवलं. बराच वेळ तिथंच ठेवलं. मग हात वर करून त्यांनी बँड थांबवला आणि माईकपाशी गेले.

"माफी असू द्या," ते म्हणाले. "पोरं बरोबर वाजवून राह्यले. माह्या कानानं दगा देल्ला. मी चुकलो."

धम्मदीपाला वाटलं, आपण भलतंच ऐकलं. दुसऱ्याचा सूर हलला तर नुसत्या नजरेनं त्याला जागेवर आणणारा हा माणूस. तो भरल्या वस्तीसमोर, स्वतःच्या चालीसाठी, माफी मागत होता.

तिनं हातातलं पान पाहिलं. ग. नुसता ग. कोमल सुराच्या खाली आडवी रेघ असते; ती नसली की सूर शुद्ध वाजतो. इथं ती नव्हती. धैवताखाली नव्हती. निषादाखालीही नव्हती. पान उलटलं, कुठंच नव्हती.

रेघा तिनं स्वतः दिल्या होत्या. संगणकावर ऐकून पाहिलं तेव्हा सूर बरोबर होते, पडद्यावर रेघाही होत्या. फक्त छापताना त्या गळाल्या होत्या, आणि छापलेली पानं तिनं तपासलीच नव्हती. कालच ती तिन्ही गावांना पोचवली होती.

नोटेशन लिहायच्या त्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या होत्या. एक पक्की, तावूनसुलाखून घेतलेली. तिच्यात सूर फक्त इंग्रजी पद्धतीच्या पाच रेषांवर मांडता यायचे. दुसरी अजून घडत असलेली; उघडली की आधी बजावायची, महत्त्वाच्या कामाला मला वापरू नका. पण ती सुराखाली देवनागरीत सारेगम छापून द्यायची, आणि बँडवाल्यांना तेवढंच वाचता येत होतं.

"ताई, कच्चं हाय थे," तिचा भाऊ उत्कर्ष म्हणाला होता. "पक्कंच घे. सारेगम हातानं लिहून टाकू."

"हातानं लिहिलेलं कोन मानते रे?" ती म्हणाली होती.

आता उत्कर्ष गर्दीत उभा होता आणि त्याच्याही हातात तेच पान होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

ती माईककडे निघाली.

"बाबा नाही चुकले," ती म्हणाली. "बाबाच बरोबर होते. कागद चुकला. मंजे मी चुकली. कोमल सुराच्या रेघा छापतानी उडाल्या, अन् मी पाह्यलंच नाही."

आता बाबा रागावतील म्हणून ती वाट पाहत राहिली. पण ग्यानबा तिच्याकडे बघतच नव्हते. ते ट्रम्पेटवाल्या देवमनकडे बघत होते. मेडशीच्या बँडमध्ये देवमन त्यांच्या शेजारी उभा राहून म्हातारा व्हायला आला होता.

"देवमन, हे चाल तुले कवापासून येते?"

"मंजे?" देवमन गोंधळला. "तुमीच त शिकोली मास्तर. मले मिसाबी नोत्या फुटल्या तवा."

"मंग आज अशी काहून वाजोली?"

देवमननं आपल्या पानाकडे पाहिलं. शेजारच्या सॅक्सोफोनवाल्यानंही आपल्या पानाकडे पाहिलं. मेडशीचे सारेच खाली बघायला लागले.

"छापेल होतं न, मास्तर," देवमन म्हणाला.

ग्यानबांनी मान हलवली. त्यांना उत्तर पटलं होतं.

"हो," ते म्हणाले. "मलेबी तसंच वाटलं."

उत्कर्ष पुढं आला. त्यानं एकेका स्टँडवरचं पान काढून घेतलं. मालेगाव आणि केनवडची माणसं म्हणाली, मास्तर, तुमी सुरू करा, आमी मागून येतो. बायांनी विझलेल्या मेणबत्त्या पुन्हा पेटवल्या. ग्यानबांनी छातीत श्वास भरला आणि क्लॅरोनेट ओठांशी नेला.

आणि तिथंच ते थांबले. माईकला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, लेकीकडे वळून त्यांनी विचारलं,

"दीपा, गंधार कोमलच हाय न माय?"