भिंतीवरचा ट्रम्पेट

एव्हेलियोचा जुना ट्रम्पेट कार्निव्हलच्या गर्दीत चोरीला गेला. तसाच दुसरा शोधत त्याने तीन वर्षं सान्तियागोतली सगळी दुकानं पालथी घातली. बाकी कशावर त्याचा सूरच लागेना. शेवटी बँडवाल्यांनी त्याची जागा दुसऱ्याला दिली.

"तसला आता मिळायचा नाही, मास्तर," दुकानदारीण नेरेइदा म्हणाली. "भिंतीवरचा तो बघा. वीस वर्षांत कुणी तोंड लावलेलं नाही त्याला."

दुसरा मार्गच उरला नव्हता. एव्हेलियोने तो खाली काढला आणि सवयीने, वाजवणाऱ्याच्या श्वासाचं नळीत साचलेलं पाणी सोडायची कळ दाबली.

कोमट थेंब पायावर पडले.

"पावसाचं असेल," म्हणत नेरेइदा मागे सरकली.

थेंब थांबले. मग नळीत कुणीतरी, सूर लावण्याआधी घेतात तसा, खोल श्वास घेतला.