नाक्यावरचा खोळंबा

मुलांच्या भल्यासाठी बाप राज्यसुद्धा सोडतो. आमच्या ह्यांनी शाळा, बाग, शांत गल्ली पाहून सीमेपलीकडच्या उपनगरात घर घेतलं. नोकरी मात्र जुन्याच राज्यात राहिली.

रोज घरी यायला उशीर. कारण ठरलेलं, "सीमेवरच्या नाक्यावर खोळंबा गं." शर्ट चुरगळलेला, चेहरा मात्र टवटवीत. अंगाला कुठल्याच अत्तराचा वास नाही, हे तर जास्तच संशयास्पद.

शेजारच्या वहिनींकडे विषय काढला. "आमचे हेसुद्धा नाकाच सांगतात," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांच्या स्कूटरवरून दोघी नाक्यावर धडकलो.

नाका तर केव्हाच कायमचा बंद झाला होता, फाटकालाही गंज चढला होता. मागच्या झाडांखाली आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाबांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक जण सीट मागे टाकून घोरत होता.