चार बोटं दुमड

छोटीला आईवडिलांनी टाकलं होतं आणि नंतर तीन घरांनी परत पाठवलं होतं. म्हणून शिंपीणकाकूंकडे येऊन आठवडा झाला, तरी तिने आपल्या पिशवीची गाठ सोडली नव्हती. आज नवाकोरा फ्रॉक घालून तिने गर्रकन गिरकी घेतली, तेव्हा तिला खालची जाडजूड दुमड दिसली.

"काकू, एवढं कापड आत का दुमडलंय?"

तोंडात टाचण्या धरूनच काकू म्हणाल्या, "वाढतं अंग आहे तुझं. दर वर्षी थोडं थोडं उसवू."

छोटीने दुमड मोजली. चांगली चार बोटं भरली. पुन्हा मोजली आणि ती आत धूम पळाली.

"अगं, टाचण्या टोचतील."

आतून ओरडूनच उत्तर आलं, "काकू, माझे कपडे कुठल्या कप्प्यात ठेवू?"