उजव्या कोपऱ्यातला ठिपका

न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं सोडून ठेवला होता. वाफ धरली की हवेतली धूळ खाली बसते. पंखे, खिडक्या, सगळं बंद. कारखान्याचा फोटोग्राफर तिथेच स्टुलावर कॅमेरा उघडून बसला. पाच वाजता साहेब सगळे कॅमेरे जमा करून घेणार होते.

बायको सकाळचं वर्तमानपत्र घेऊन दारात उभी होती. पहिल्या पानावर, पांढऱ्या भिंतीपाशी ओळीने ठेवलेली अकरा प्रेतं. स्फोटात चारच गेले, असं कारखान्याने सांगितलं होतं. फोटोखाली कुणाचं नाव नव्हतं. पण उजव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका होता. कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर धूळ चिकटली की प्रत्येक फोटोत तो त्याच जागी येतो.

"फुंकर मारा ना एकदाची."

"थुंकी उडाली, तर एकाचे दहा होतील."

त्याने कॅमेरा उपडा धरून रबरी फुग्याने हवा मारली. भिंतीचा एक फोटो काढून पाहिला. ठिपका होता तिथेच. मग कापडाच्या पट्टीवर सफाईच्या औषधाचे दोन थेंब टाकून ती त्याने सेन्सरवरून एकदाच फिरवली, तान्ह्याचा डोळा पुसावा तशी.

"माझ्या दुखण्यात एवढं जपलं असतंत तर!" ती म्हणाली. हसू मात्र कुणालाच आलं नाही.

पुन्हा भिंतीचा फोटो. कोपरा कोरा होता. दोघांच्या जिवात जीव आला.

बाहेरच्या खोलीत येताच ती थबकली. "अहो, हे बघा."

भिंतीवर मुलीचा शाळेतल्या बक्षिसाचा फोटो होता. उजव्या कोपऱ्यात तोच ठिपका. त्याने फोटो घाईघाईने उतरवला आणि छातीशी धरून तसाच उभा राहिला.

"आता काय झालं?"

"साहेबांच्या केबिनमध्ये त्यांचा मोठा फोटो आहे. मीच काढलेला."

"तो कोण बघतंय एवढा निरखून?"

"त्यांनीच बघितलाय. गेल्या महिन्यात ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, कॅमेऱ्यात धूळ गेलीय तुमच्या, साफ करून घ्या."