तिच्या नावाचं पत्र

विजेचं बिल. भाडेकरार. टपालपेटीवरची पाटी. या परक्या देशात सगळ्यांवर नाव नवऱ्याचं. लाँड्रीतली नोकरी मात्र तिची स्वतःची होती आणि पगारासाठी तिला खातंही स्वतःचंच हवं होतं.

"तुमचं नाव आणि पत्ता असलेलं एखादं सरकारी पत्र आणा," बँकेतली बाई म्हणाली.

"कशाला ही यातायात? माझ्या खात्यात येऊ दे की पगार," नवरा म्हणाला.

"तुझ्या खात्यात तुझा येतो, तेवढा पुरे."

पुढच्याच आठवड्यात बसमध्ये तपासनीसाने तिला विनातिकीट पकडलं. तिने नाव-पत्ता एकेक अक्षर सांगून लिहायला लावला, वर त्याच्याकडून तो वाचूनही घेतला.

"दंडाची नोटीस घरी येईल," तो गुरकावला.

"नक्की ना? माझ्याच नावाने?"

नोटीस आली. "नाक कापलंस माझं!" नवरा कडाडला. त्याच्या हातातून ती काढून घेऊन तिने तडक बँक गाठली. बाईने शिक्का पाहिला, नाव पाहिलं, पत्ता पाहिला आणि सहीसाठी फॉर्म पुढे सरकवला.

बसमध्ये पकडली गेली, तेव्हा तिच्या पर्समध्ये महिन्याचा पास होता.