शोभाताईंच्या अंगणातली बोर

माझ्या मावशी, झुलेखाखाला, आज सकाळी वारल्या. त्यांच्या शेवटच्या अंघोळीच्या पाण्यात टाकायला बोरीची पानं हवीत, म्हणून मी कामोठे गावात शोभाताईंच्या अंगणात गेले.

"बोरीचीच का भाभी? आमच्या कडुनिंबाने काय घोडं मारलंय?"

"ताई, जन्नतच्या सीमेवर बोरीचं झाड आहे. त्याच्यापुढे फरिश्तेही जात नाहीत. अम्मी म्हणायची, तिथलं आपल्या नावाचं पान गळलं की आपले दिवस भरले."

वारा अजिबात नव्हता. तरी एकच पान थरथरत होतं. मी पैगंबरांवरची दुआ, दुरूद, पुटपुटत बोट लावलं. पान कोमट होतं, नाडीसारखं उडत होतं. सुब्हानअल्लाह! मी हात मागे घेतला.

"लाजता काय, घ्या की!" शोभाताईंनी हसत तेच पान खुडलं.

झाडाची बाकीची सगळी पानं सावकाश त्यांच्याकडे वळली.